घोडी विणार, खाली काय अंथरू?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी आणली, विकणारा म्हणाला चार महिन्यांची गाभण आहे, इथल्या डॉक्टरांनी पण तपासून हो म्हटलंय, म्हणजे ऐन पावसात विणार. तबेला दहा बाय बाराचा आहे, खाली शहाबादी फरशी. चुलत्यांची सॉ मिल आहे, लाकडाचा भुसा फुकट मिळतो, तोच टाकावा का? उसाचं पाचट आणि सोयाबीनचं भुसकटही पडलंय. वडील म्हणतात काही टाकू नको, म्हशी काय गादीवर वितात का. आणि वास मारायला चुना टाकला तर चालेल का?
– एक वाचक, ता. माळशिरस

उत्तर : दादा, वडिलांचं म्हशीपुरतं ठीक, पण गोठ्यात खाली बहुतेक माती असते, तुमच्याकडे शहाबादी आहे आणि खरी भीती तिचीच आहे. पाणमोट फुटली की ती फरशी साबण ओतल्यासारखी होते, घोडी आडवी पडणार, उठणार, परत पडणार, आणि शिंगरू तर तासाभरात त्या लांबलचक पायांवर उभं राहायची धडपड करणार. पाय फाकले तर जांघेत इजा होते. म्हणून आधी फरशीवर गाईच्या गोठ्यासाठी मिळतात त्या खरबरीत रबर मॅट टाका, किंवा पाऊस लागायच्या आत तीन-चार इंच मुरूम ठोकून घ्या. अंथरुणाचं नंतर बघू.

आता भुसा. शिंगरू ओलंचिंब बाहेर येतं आणि बारीक भुसा त्याच्या नाकपुड्यांना, तोंडाला, बेंबीच्या ओल्या नाळेला चिकटतो, घोडीच्या सडांनाही चिकटतो आणि पिल्लू तेच चोखतं. शिवाय ओल्या भुशात जंतू लवकर वाढतात. त्यामुळे फुकटचा आहे तर आत्ता खुशाल वापरा, कोरडा असेल आणि त्यात चुका-खिळे नसतील तर, पण कास भरायला लागली की सगळा काढा, तबेला धुवा, नीट वाळू द्या. तारखेवर फार विसंबू नका. घोडी साधारण 340 दिवसांनी विते पण 320 ते 360 मध्ये कधीही विऊ शकते, आणि तुमची तर मूळ तारीखच विकणाऱ्याच्या तोंडची.

पाचट नकोच. पात्याच्या कडा कापतात, ओल फारशी शोषत नाही आणि खाली उंदीर घर करतात. सोयाबीनच्या काड्या तर टोचतातच.

मग काय? लांब काड. रेसच्या घोड्यांच्या पैदास केंद्रांवर गव्हाचं लांब काड पसंत करतात, पण आपल्याकडे सगळा गहू मळणी यंत्रातून निघतो आणि हातात येतं ते धुळीचं भुसकट, ते नको. माझं मत, भोर-मावळकडून हातानं झोडलेल्या भाताचा लांब पेंढा मागवा. घेताना वरवर बघून घेऊ नका, कापणीच्या वेळी पाऊस लागलेला असतो, गठ्ठा मधोमध फोडून हात घाला, गरम-दमट लागला, कुबट वास आला किंवा झटकल्यावर राखाडी धूर उडाला तर परत पाठवा, बुरशीनं घोडीला खोकला लागतो आणि पिल्लाची फुप्फुसं तर त्याहून नाजूक. पावसाआधीच घ्या आणि फळ्यांवर रचून ठेवा, जमिनीवर नको.

अंथरताना आठ-दहा इंच जाड, भिंतीकडेला अजून उंच, म्हणजे आडवी पडल्यावर घोडीचे पाय भिंतीत अडकत नाहीत. पायानं दाबल्यावर खालची फरशी लागली तर अजून टाका. ती पेंढा खाईलच, पुढ्यात चांगला चारा कायम ठेवा, नाहीतर पोटशूळ उठतो.

चुना मारू नका, कळीचा तर अजिबात नको, कातडी भाजते. वास येतो तो मुतातल्या अमोनियाचा आणि तुम्ही उभे असता म्हणून तुम्हाला कमी जाणवतो, शिंगराच्या नाकाच्या उंचीला वाकून बघा, डोळे चुरचुरले तर ओला पेंढा काढायची वेळ झाली. लीद दिवसातून दोनदा उचलायची, त्याला पर्याय नाही.

घोडीला याच जागी निदान महिनाभर आधीपासून ठेवा, म्हणजे इथल्या जंतूंविरुद्धची ताकद चिकात उतरते, आणि धनुर्वाताची लस चार-सहा आठवडे आधी टोचून घ्या. बेंबीला हळद, राख, शेण काहीही लावायचं नाही, डॉक्टरांकडून पातळ केलेलं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक आणून ठेवा, बेंबीतून जंतू गेले की पिल्लाचे सांधे सुजतात. शिंगरू एका तासात उभं, दोन तासांत चीक प्यायलेलं आणि तीन तासांत जार (वार) पडलेली, यातलं एकही चुकलं तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, जार ओढायची नाही. पडलेली जार बादलीत ठेवा, डॉक्टरांना अख्खी आहे का बघू दे, आणि मग ओला पेंढा काढून नवा टाका.