वाचकांचे प्रश्न : सहा मोडेम एकदमच का बिघडतात?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा संगणक कक्ष जळगावात आहे. चोपडा, यावल, रावेरच्या शाखा संध्याकाळी डायल करून दिवसाचा हिशेब पाठवतात. सर्व्हर सिस्को एएस५४०० (एकाच वेळी अनेक डायल-इन कॉल घेणारा), त्यात ६० पोर्टचं, म्हणजे ६० मोडेमचं, एक कार्ड आणि दोन ई१ पीआरआय (प्रत्येकी ३० चॅनेलच्या डिजिटल फोनलाइन). काही कॉल उचलले जातात, पण मोडेम जुळत नाही आणि लाइन सुटते. पुन्हा लावला की लागतो. सर्व्हर बंद-चालू केल्यावर काही दिवस बरे जातात.

उत्तर : दुसऱ्यांदा लागतो, म्हणजे शाखेची लाइन बहुधा ठीक आहे, कॉल वेगळ्या मोडेमवर गेला, एवढंच. आधी ‘शो कंट्रोलर्स ई१’ पाहा. स्लिप (दोन टोकांची घड्याळं न जुळल्याने होणाऱ्या चुका) वाढत असतील तर दोष घड्याळाचा. क्लॉक एक्स्चेंजच्या पीआरआयवरून घ्या, कार्डाला हात लावू नका.

स्लिप शून्य असतील तर ‘शो एसपीई मोडेम सीएसआर’ द्या, त्यात कुठे किती कॉल यशस्वी झाले ते दिसतं. एसपीई म्हणजे कार्डावरचा मोडेमचं काम करणारा घटक. तुमच्या कार्डावर ० ते ९ असे दहा एसपीई आहेत, प्रत्येकात सहा पोर्ट; म्हणूनच एक एसपीई बिघडला की सहा मोडेम एकदम जातात. अपयश १/१८ ते १/२३ (आधी स्लॉट, मग पोर्ट) याच पोर्टांवर साचलेलं दिसलं, तर एसपीई १/३ बिघडलाय. त्यासाठी अख्खा सर्व्हर बंद करायची गरज नाही. त्या एसपीईला ‘बिझीआउट’ (नवे कॉल थांबवणारी आज्ञा) द्या. चालू कॉल आपापले संपतात, नवे येत नाहीत. घाईत ‘शटडाउन’ दिलं तर चालू कॉल तिथल्या तिथे तुटतात आणि रावेरचा हिशेब अर्धवट राहतो. सहाही पोर्ट रिकामे झाले की ‘क्लिअर एसपीई’ द्या, म्हणजे फर्मवेअर (त्याचा अंतर्गत प्रोग्रॅम) नव्याने चढेल. मग बिझीआउट काढायला विसरू नका. हे काम दुपारीच उरका. ६० चॅनेलना ६० पोर्ट असल्याने संध्याकाळी सहा पोर्ट बाहेर काढले, तर गर्दीत तेवढे कॉल परत जातील.

हेच काम सर्व्हरवर सोपवता येतं : ‘एसपीई रिकव्हरी पोर्ट-अ‍ॅक्शन रिकव्हर’. सोबत ‘पोर्ट-थ्रेशोल्ड’ असतं, म्हणजे सलग किती अपयशांनंतर हालचाल करायची. मूळ आकडा ३०. तो ५ वगैरे करण्याचा मोह टाळा. शाखा डायल करतात त्या नंबरवर कुणी साध्या फोनवरून ‘हॅलो हॅलो’ करत राहिलं तरी तेही अपयशातच मोजलं जातं, आणि धडधाकट सहा पोर्ट रांगेबाहेर जातात. फर्मवेअर चढवायची वेळ ‘एसपीई डाउनलोड मेंटेनन्स टाइम’ने पहाटे ३ ची ठेवा.

तोच एसपीई वारंवार ‘बॅड’ दिसला तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून बघा. दोष कार्डासोबत गेला तर कार्ड बदला. वेगवेगळे एसपीई पडत असतील, तेही एप्रिल-मेमध्ये, तर खोली तपासा. हे यंत्र ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी आहे. जळगावचा पारा त्यापुढे सहज जातो. वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर चालतो आणि एसी बंद पडतो, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. पंख्यांवर सरकीचा कापूस-धूळ बसली असेल तर ती आधी काढा.