परीक्षेच्या आधीची तीन वर्षं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा बाजूला ठेवलं. न्यूयॉर्कच्या मिडल स्कूलमध्ये मी चोवीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निदान पंधरा वर्षं, एका परीक्षेच्या गुणांवरच प्रवेश देणं बरोबर आहे का, हा तुझा प्रश्न स्वतःला नीट विचारलाच नाही. तू नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी विचारलास, याचं मला फार बरं वाटलं.

स्टाफरूममध्ये एसएचएसएटीवरून, म्हणजे न्यूयॉर्कच्या निवडक सरकारी हायस्कूलांच्या प्रवेशपरीक्षेवरून, वाद झाला, असं तू लिहिलंस. एक सर म्हणाले, ही परीक्षा गरिबांच्या पोरांना बाहेर ठेवते, रद्द करा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, परीक्षा गेली की गुणवत्ताही गेली. मग दोघांनीही तुझ्याकडे पाहिलं. भारतातून आलेली, गणिताची शिक्षिका, म्हणजे तुझं मत ठरलेलंच असणार असं त्यांनी धरून चाललं. तू गप्प राहिलीस आणि रात्री मला लिहिलंस, "मावशी, मी तर नवोदयची, ग्रामीणच्या जागेवर आलेली. मी कुठल्या तोंडाने काय बोलू?"

तू त्याच तोंडाने बोल. त्या खोलीत हा विषय आतून पाहिलेली तू एकटीच आहेस.

नवोदयचा नियम आठव. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात या शाळा आल्या. अगदी पहिल्या दोन सुरू झाल्या त्यातली एक आपल्या अमरावतीत आणि दुसरी हरियाणातल्या झज्जरला. परीक्षा आहेच, पाचवीतल्या मुलांची, आणि ती सोपी नाही. पण निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि निदान एक तृतीयांश मुलींसाठी. ग्रामीण असल्याचा नुसता पत्ता दाखवून भागत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं तू खेड्यातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. म्हणजे तुझा पेपर तपासणाऱ्या व्यवस्थेने एक गोष्ट आधीच मान्य केली होती: परीक्षेच्या दिवसाआधीची तीन वर्षं कुठे गेली, यावर बरंच काही ठरतं. परीक्षा तू दिलीस, गुण तू मिळवलेस, आणि तुझी तुलना झाली ती तुझ्यासारख्याच शाळांतून आलेल्या मुलांशी. यात लाजण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. शहरातल्या क्लासमधून आलेल्या मुलाचे दोन गुण जास्त असते, तर तो तुझ्यापेक्षा हुशार ठरला असता का?

न्यूयॉर्कचा कायदा नेमकी हीच तीन वर्षं बघायला मनाई करतो. १९७१ मध्ये अल्बनीच्या, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या, विधिमंडळाने हेक्ट-कॅलांड्रा कायदा केला. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या शाळांत प्रवेश फक्त एका स्पर्धा परीक्षेवर द्यायचा, असं त्यात लिहिलं. ना शाळेतले गुण, ना शिक्षकाचं मत, ना मुलाची परिस्थिती. त्याच कायद्यात एक लहानशी खिडकीही ठेवली आहे, डिस्कव्हरी नावाची. थोडक्यात हुकलेल्या गरजू मुलांनी उन्हाळ्यात जास्तीचा अभ्यास करून आत यायचं. आज परीक्षेवर चालणाऱ्या अशा आठ शाळा आहेत.

याचा परिणाम काय झाला, ते एका वर्षावरून बघ. २०१९ मध्ये स्टायव्हेसंटने ८९५ मुलांना जागा देऊ केल्या. त्यात कृष्णवर्णीय मुलं ७, लॅटिनो ३३, आशियाई वंशाची ५८७. शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मिळून सुमारे दोन तृतीयांश मुलं आहेत. मी तेव्हा शिकवत होते. बातमी आली त्या दिवशी आठवीच्या वर्गात कुणी काही बोललं नाही, पण मधल्या सुट्टीत एका मुलाने विचारलं, "मिस, सात म्हणजे सात टक्के ना?" नाही रे, सात मुलं.

हा आकडा ऐकून परीक्षेवर आग पाखडायला फार सोपं जातं. तसं करण्याआधी माझ्या एका पालकाबद्दल ऐक. बांगलादेशातून आलेले, रात्रपाळीला टॅक्सी चालवायचे. त्यांच्या टॅक्सीच्या सनव्हायझरला एक कागद खोचलेला असायचा. त्यावर बंगालीत तारखा लिहिलेल्या: नोंदणी कधी सुरू, कधी बंद, परीक्षा कधी. मुलगा तेव्हा सहावीत होता. शनिवारी त्याला क्लासला सोडायचे आणि तो सुटेपर्यंत गाडीतच झोपायचे. परीक्षा रद्द करायची चर्चा सुरू झाली तेव्हा पालकसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "या शहरात माझ्या ओळखीचं कुणी नाही. मला मुलाखत देता येत नाही, पत्र लिहिता येत नाही. एवढा एकच दरवाजा मला समजला. माझ्या मुलाने कुणाची जागा घेतली?"

कुणाचीच नाही. स्टायव्हेसंटमधल्या मुलांचा फार मोठा वाटा अशाच गरीब घरांतून येतो, हे विसरून जे बोलतात त्यांचं ऐकताना मला अजूनही त्रास होतो. "आशियाई लोक क्लास लावून जागा बळकावतात" हे वाक्य तुझ्यासमोर कुणी बोललं तर गप्प बसू नकोस. ती जागा त्या मुलाने मेहनतीने मिळवली आहे. उद्या जागा वाटायचे नियम बदलले, तरी त्याच्या मेहनतीला कुणी फसवणूक म्हणू नये.

पण तो सनव्हायझरचा कागद माझ्या मनातून जात नाही. कारण त्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरचे डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले. एकदा मी फळ्यावर १, ४, ९, १६ असे वर्ग लिहून ठेवले आणि दुसऱ्या मुलांच्या वह्या तपासत बसले. तिने चौकटीच्या कागदावर एक चौकोन रंगवला, त्याच्या दोन बाजूंना तीन चौकोनांची काटकोनी पट्टी दुसऱ्या रंगाने, मग पाचांची, मग सातांची. माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाली, "हे नेहमी विषमच वाढणार, कारण कोपरा एकच आहे." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांची मुलगी सिद्धता देत होती.

नोव्हेंबरमध्ये तिने विचारलं, "मिस, सगळे ज्या परीक्षेबद्दल बोलतात ती कसली?" नोंदणी बंद होऊन आठवडा झाला होता. मी तसं सांगितलं. ती "ओके" म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

चूक माझी होती. नोटीस मी लावली होती, ऑफिसच्या बाहेर, जिथे ज्यांना आधीच माहीत असतं तेच थांबून वाचतात. सरावाचे पेपर मी द्यायचे, पण ज्यांचे पालक मागायला यायचे त्यांनाच. मागितलं त्याला नाही म्हटलं नाही, म्हणजे आपण सगळ्यांशी सारखं वागतो, असं मी कित्येक वर्षं समजत होते. नववीतही ती परीक्षा देता येते, दहावीच्या मोजक्या जागांसाठी. तेही मी तिला सांगायला विसरले. ती जवळच्या हायस्कूलमध्ये गेली. तिथे कॅल्क्युलसचा वर्गच नव्हता.

म्हणून तुझ्या स्टाफरूममधल्या दोघांनाही मी एकच विचारलं असतं. पेपरात काय होतं, आणि ते शाळेत शिकवलं होतं का? २०१७ च्या आधी या परीक्षेत विस्कटलेल्या परिच्छेदांचे प्रश्न असायचे. पहिलं वाक्य दिलेलं, उरलेली पाच उलटसुलट, ती बरोबर क्रमाने लावायची. एक जरी चुकलं तरी सगळे गुण गेले. असं काही कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. क्लासमध्ये मात्र त्याचे शे-दोनशे नमुने घोटून घ्यायचे. इतकी वर्षं त्या गुणांनाही आपण गुणवत्ताच म्हणत होतो. शेवटी तो प्रकार काढून टाकला. आणि स्टायव्हेसंटमध्ये १९६९ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता हे तुला माहीत आहे का? अ‍ॅलिस डी रिव्हेरा नावाच्या शाळकरी मुलीने खटला भरला तेव्हा दार उघडलं. त्याआधीच्या सगळ्या मेरिट लिस्ट अर्ध्या मुलांना पेपरही न देता बनलेल्या होत्या. तेव्हाही लोक त्याला मेरिटच म्हणत.

आता दुसरी बाजू, व्हर्जिनियाची, कारण तू त्याबद्दल विचारलं आहेस. फेअरफॅक्स काउंटीतल्या थॉमस जेफरसन हायस्कूलने २०२० च्या शेवटी प्रवेशपरीक्षा काढून टाकली, तिची १०० डॉलर फीसुद्धा. प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतल्या मुलांपैकी वरच्या दीड टक्के मुलांना जागा राखून ठेवल्या. अर्ज करताना मुलाचं नाव आणि वंश तपासणाऱ्याला दिसत नाही, पण घरची गरिबी लक्षात घेतात. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. आधी गरीब घरातली मुलं एक टक्काही नव्हती, ती २५ टक्के झाली. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला, २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

मला दीड टक्क्याची कल्पना आवडते. कुठल्याही साध्या शाळेतली पहिली आलेली मुलगी आता मोजली जाते. पण परीक्षा पूर्णच काढली हे मला पटत नाही. वर्गात अडखळणारा, गृहपाठ न देणारा, ग्रेड खराब असलेला पण एका पेपरात चमकून उठणारा मुलगा तूही पाहिला असशील. त्याच्यासाठी तो पेपर हा एकच मार्ग असतो. आणि चांगल्या शाळेत सोळाव्या नंबरावर राहिलेल्या मुलाला दीड टक्का हा हिशेब अन्यायच वाटणार; त्याला तू अन्याय वाटूच नये असं सांगू नकोस. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलमध्ये तर दोन वर्षांचे प्रवेश सोडतीवर केले आणि २०२२ मध्ये पुन्हा गुणांवर यायचं ठरवलं. सोडत मला मुळीच मान्य नाही. मुलांनी केलेल्या कामाकडे बघायचंच नाही, हा त्यांचा अपमान आहे.

मला सगळ्यात पटते ती शिकागोच्या निवडक हायस्कूलांची रीत. तिथे ३० टक्के जागा सरळ गुणांच्या क्रमाने भरतात. उरलेल्या ७० टक्के जागांसाठी शहराच्या वस्त्या चार स्तरांत विभागल्या आहेत, उत्पन्न, पालकांचं शिक्षण, स्वतःचं घर आहे की भाड्याचं अशा गोष्टींवरून, आणि प्रत्येक स्तरातली मुलं आपापसात स्पर्धा करतात. हे वाचलं तेव्हा मला नवोदयच आठवली. परीक्षा आहे, गुण आहेत, आणि आधीची वर्षंही हिशेबात आहेत. आपल्याकडे हे दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून तुला ते साधं वाटतं. इथे मात्र लोक यातलं एकच निवडा म्हणतात. तू स्टाफरूममध्ये एवढंच सांगितलंस तरी पुष्कळ झालं.

पण स्टाफरूम सोड, कायदा अल्बनीत बदलायचा आहे. २०१८ मध्ये महापौरांनी परीक्षा काढायचा प्रस्ताव आणला होता, तो विधिमंडळात अडकून राहिला. तू त्याची वाट बघू नकोस. सहावीच्या पहिल्या महिन्यात सगळ्या वर्गाला सांग, हात वर करणाऱ्यांनाच नको. मुलींना दुसऱ्यांदा सांग, कारण "मला नाही जमणार" हे त्या पेपर बघायच्या आधीच ठरवून मोकळ्या होतात. शहराचं परीक्षेचं हँडबुक आणि सरावाच्या चाचण्या फुकट मिळतात. तो गठ्ठा तुझ्या कपाटात ठेवू नकोस, प्रत्येकाच्या हातात दे. आणि मार्चमध्ये निकाल येतील तेव्हा वर्गात आकडे मोजू नकोस. या शहरात चारशेहून जास्त हायस्कूल आहेत आणि तुझ्या बहुतेक मुलांना त्यातल्याच कुठल्यातरी शाळेत जायचं आहे. तिथे कॅल्क्युलस शिकवतात का, प्रयोगशाळा आहे का, हे प्रत्येकासाठी तू स्वतः बघ. आठ शाळांच्या भांडणात या चारशे शाळांचं कुणी नाव घेत नाही, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

सातवीतल्या ज्या मुलाबद्दल तू लिहिलंस, वहीच्या मागच्या पानावर अपूर्णांकांचे खेळ करणारा, त्याच्या आईला या आठवड्यातच फोन कर. त्याच्या परीक्षेला अजून एक वर्ष आहे. ती तीनला कामावरून सुटते म्हणालीस, तर साडेतीनला लाव. तिला इंग्रजी जमत नसेल तर ऑफिसमधून फोनवर स्पॅनिश दुभाषी मिळतो, मागून घे. मुलालाच मध्ये उभं करू नकोस. आपल्याबद्दल चांगलं बोललेलं आईला सांगताना ही पोरं अर्धं गाळतात.

तुझी,
मावशी