वाचक विचारतात: काळी माती आणि टायरच्या खाचा

प्रश्न: उमरेडजवळ शेत आहे. फोर-बाय-फोर पिकअपला 235/75 आर 15 चे ऑल-टेरेन टायर आहेत, नक्षी 10 मिमी शिल्लक. पावसाळ्यात पांदणीत शिरलं की काळी माती नक्षीत थापून बसते आणि चाक जागीच फिरतं. गरम पात्याने जादा खाचा पाडून घ्याव्या का?

उत्तर: पाडता येतात, पण आधी हवा बघा, निम्मं काम तिथेच होतं. चिखलाखाली वीतभरावर मुरूम असेल तर हवा फारशी सोडू नका, टणक टायर चिखल कापून मुरमाला लागतो. खालीही मातीच असेल तर रिकाम्या गाडीला 32 वरून 20 पीएसआयवर या. 15 च्या खाली साध्या रिमवर वळताना टायर रिम सोडतो. माल भरलेला असेल तर मागच्या चाकांना ही सूट नाही. वेग ताशी 25-30, आणि डांबरावर चढण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेत टायरची बाजू सारखी दुमडते, तापते; नागपुरी उन्हात तर विचारूच नका.

एवढं करूनही भागलं नाही तर खाचा. फक्त खांद्यावरच्या, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेच्या ठोकळ्यांना, तेही 35 मिमीपेक्षा लांब असतील तरच. खाच बाहेरच्या बाजूला उघडी हवी, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. आधी खडूने आखून घ्या. रुंदी 6 मिमी, खोली 7. मूळ खाचेच्या तळाशी कधीच जायचं नाही. पातं गोल तळाचं घ्या, टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. रबराची पट्टी सलग निघाली तर आच बरोबर आहे. धूर येऊन कडा चिकट झाल्या तर पातं जास्त तापलंय. मधल्या ठोकळ्यांना हात लावू नका, डांबरावरचा ब्रेक त्यांच्यावर आहे. ठोकळे बारीक झाले की टायर आवाज करतो, लवकर झिजतो, खडकाळ वाटेवर ठोकळ्यांचे तुकडेही उडतात. कंपनीची वॉरंटी गेली असंच समजा.

प्रश्न: टिपरचे 10.00-20 नायलॉन टायर गुळगुळीत झालेत. खाचा मारून आणखी एक हंगाम काढता येईल?

उत्तर: टायरच्या बाजूवर 'रीग्रूव्हेबल' (पुन्हा खाचा मारता येण्याजोगा) असं कोरलेलं नसेल तर नाही. त्या टायरमध्ये खाचेखाली जादा रबर दिलेलंच नसतं. पातं थेट धाग्यांत जातं, तिथून पाणी शिरतं. कोरलेलं असेल तर 3 मिमी नक्षी उरली असतानाच खाचा मारा, पूर्ण घासल्यावर नव्हे. आणि असे टायर मागच्या चाकांनाच. पुढे लावू नका.

प्रश्न: खाणीतून निघताना मागच्या जोडचाकांत दगड अडकतो. ड्रायव्हर म्हणतो, रस्त्यावर आपोआप निघेल.

उत्तर: निघतो, पण मागच्या गाडीच्या काचेवर. शिवाय दोन्ही टायरच्या आतल्या बाजू कापतो. फाटकातच थांबून पहारीने काढा. निघाला नाही तर बाहेरचं चाक उतरवा, मात्र नट सैल करण्याआधी दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडा. लॉक रिंगच्या (टायर अडवून धरणाऱ्या सुट्या लोखंडी कडीच्या) रिमला आत तडा असेल तर नट सुटताच रिंग उडते. हवा सोडतानाही चाकासमोर न उभं राहता बाजूला राहा.