वेग कमी, काम चोख: रायफल रिलोडिंगची (घरी काडतुसं भरण्याची) प्रश्नोत्तरे

प्रश्न: टेक्सासमध्ये .३०८ विंचेस्टर रायफलने ५०-६० यार्डांवर हरीण मारतो, पण दोन्ही खांद्यांचं मांस रक्ताळून फुकट जातं. काडतुसातली पावडर (दारू) कमी केली तर फरक पडेल का?

नक्की पडेल, पण बुलेट पण बदला. १५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) बुलेट तुमच्या रायफलमधून साधारण २८०० फूट दर सेकंदाने सुटते, म्हणजे इतक्या जवळ ती हाडावर आपटून फुटते आणि तुकडे मांसात पसरतात. तोच वेग २२०० वर आणला की ऊर्जा जवळपास ३८ टक्के कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. आता २२०० म्हणजे .३०-३० चा इलाका, आणि हे काडतूस १८९५ पासून हरणं पाडतंय. त्याच्या चपट्या टोकाच्या सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेल्या) बुलेटचा व्यास तुमच्याएवढाच, .३०८ इंच, आणि ती बनवलीच आहे या वेगाला लागल्यावर फुलून उघडायला, म्हणून मला हीच जोडी सगळ्यात आवडते. फक्त मॅगझिनमधून नीट फीड होते का ते बघून घ्या. आणि नेम खांद्यावर न धरता जरा मागे, फासळ्यांवर धरलात तर मांस अजून वाचेल!

प्रश्न: मग आहे तीच पावडर निम्मी घातली तर?

अजिबात नाही. स्लो (हळू जळणारी) पावडर मोठ्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) थोडीशीच घातली तर ती केसमध्ये आडवी पसरते, पेटणं अनियमित होतं आणि कधीकधी प्रेशर एकदम इतकं चढतं की रायफल फुटते. त्यामुळे रिलोडिंग मॅन्युअलमधल्या स्टार्ट लोडच्या (पावडरच्या सुरुवातीच्या मात्रेच्या) खाली मनाने जायचं नाही. यासाठी हॉजडन कंपनीची एच ४८९५ ही पावडर घ्या, कंपनीनेच नियम दिलाय, तुमच्या काडतुसाच्या टेबलात ही पावडर असेल तर तिथल्या मॅक्सिममच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. समजा मॅक्सिमम ४० ग्रेन असेल तर २४. हा नियम दुसऱ्या कुठल्याही पावडरला लावू नका.

आणि कमी चार्जमध्ये (पावडरच्या मात्रेत) अजून एक धोका आहे, केस अर्धी रिकामी असते म्हणून चुकून दोनदा पावडर पडली तरी कळत नाही. सगळ्या केसेस ट्रेमध्ये उभ्या करा, टॉर्च मारून एकेकीत डोकावा, पातळी सारखी दिसली तरच बुलेट बसवा. बार नुसता फुस्स झाला तर पुढची गोळी झाडू नका, रायफल रिकामी करून बॅरलमध्ये बुलेट अडकलीय का ते आधी बघा.

प्रश्न: कॅलिफोर्नियात शिकारीला शिसं बंद आहे, तांब्याच्या बुलेटने हे जमेल का?

अवघड आहे. तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला बिनशिशाची बुलेट लागते, आणि तांबं कडक असल्यामुळे कमी वेगात ते उघडतच नाही, बारीक भोक पाडून आरपार जातं आणि हरीण जखमी होऊन लांब पळतं, जे आपल्याला अजिबात नकोय. कंपनीने दिलेला किमान वेग बघा, आणि तो रायफलच्या तोंडाशी नाही तर हरणापर्यंत पोचेपर्यंत टिकला पाहिजे. टिकत नसेल तर फुल लोडच वापरा, तांबं तसंही कमी फुटतं.

प्रश्न: पुण्यातल्या भावाला हे शिकवू का?

नको. भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

प्रश्न: स्कोप परत सेट करावा लागेल का?

हो, आधी क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) खरा वेग मोजा, मग १०० यार्डांवर झीरो करा, म्हणजे गोळी नेमावरच लागेल असा स्कोप लावा. अशी चपटी बुलेट २०० यार्डांवर साधारण आठ-दहा इंच खाली जाते आणि तोवर वेगही पार उतरलेला असतो, म्हणून या लोडने १०० यार्डांच्या आतच मारा.