सॉफ्टनरमधलं मीठ उतरत का नाही?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडवर, इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहतो. बोअर आणि टँकरचं पाणी मिसळून येतं, हार्डनेस लिटरला 400 मिलिग्रॅम. दोन महिन्यांपूर्वी 25 लिटर रेझिनचा (हार्डनेसचे क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांचा) ऑटोमॅटिक सॉफ्टनर ड्राय बाल्कनीत बसवला. मीठ भरलं तेवढंच आहे आणि नळांवर पांढरे डाग परत आलेत. प्लंबर म्हणतो, रेझिन गेलं. बदलावं का?

उत्तर : घाईने बदलू नका. मीठ उतरत नाही याचा अर्थ रेझिन मिठाच्या पाण्याने धुतलंच जात नाही. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम क्षार धरतं, म्हणजे तुमचं मशीन 3,100 लिटर पाण्यानंतर भरतं. चार माणसांच्या घरात, माणशी 135 लिटर धरलं, तर पाच-सहा दिवसांत. दर धुण्याला साडेतीन-चार किलो मीठ लागायला हवं.

व्हॉल्व्हच्या आत एक बारीक नॉझल असतं. त्यातून पाणी जोरात गेलं तरच टाकीतलं मिठाचं पाणी ओढलं जातं. त्यासाठी बहुतेक मशीनना (दर चौरस सेंटिमीटरला) दीड ते दोन किलो दाब लागतो. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एक किलो. गच्चीवरची टाकी तुमच्यापासून चार-पाच मीटरवर असेल, तर दाब अर्धा किलोही भरत नाही. गच्चीपासून सात-आठ मजले खाली हेच मशीन बिनतक्रार चालेल.

पंप घेण्याआधी खात्री करा. मशीन हाताने रीजनरेशनला, म्हणजे रेझिन धुण्याला टाका, मीठ ओढण्याच्या टप्प्यावर आणा आणि मिठाच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. पंधरा मिनिटांत पातळी उतरली नाही, तर आधी नॉझल आणि त्याची जाळी साफ करा. खड्याच्या मिठातली माती तिथेच अडकते, म्हणून सॉफ्टनरच्या गोळ्यांचं मीठ बरं. मिठाच्या नळीची चकती सैल असली तरी हवा ओढली जाते, पाणी नाही. निचऱ्याची नळी कपाटामागे दुमडली असेल, तर पातळी उतरण्याऐवजी चढतेसुद्धा. हे सगळं ठीक असेल तर दोष दाबाचा. मग प्रेशर पंप लावा, पण गच्चीच्या टाकीतून उतरणाऱ्या लाइनवरच. पालिकेच्या थेट लाइनवर कधीही नाही.

आता पंपासाठी लाइन कापावी लागणारच, तर जोडणीचा क्रमही तपासून घ्या. मेन व्हॉल्व्ह, पंप, टँकरच्या गाळासाठी 50 मायक्रॉनचा फिल्टर, मग तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास आणि सॉफ्टनर. बायपास नसेल तर मशीन उघडायच्या दिवशी घरभर पाणी बंद. दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) हवेत. सॉफ्टनरमधून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, म्हणजे गीझरचं गरम पाणी उलटं रेझिनवर येणार नाही. सीपीव्हीसी पाइपला सीपीव्हीसीचंच सोल्युशन वापरा. डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या आणि मशीन जोडण्याआधी पाइपमधला भुसा पाण्याने काढून टाका. व्हॉल्व्हवरचे बाण नीट बघा. नळाच्या जाळीत खसखशीएवढे तांबूस-सोनेरी मणी दिसले, तर इन-आउट उलटं जोडलंय किंवा आतली जाळी फुटलीय.

सगळ्यात जास्त चुका निचऱ्यात होतात. नळीचं टोक नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्यात) खुपसलेलं असतं. ट्रॅप तुंबला आणि लाइनचा दाब गेला, तर तेच घाण पाणी मशीनमध्ये ओढलं जाऊ शकतं. टोक जाळीच्या वर निदान एक इंच, नळीच्या व्यासाच्या दुप्पट मोकळं ठेवा आणि क्लॅम्पने भिंतीला बांधा. मिठाच्या टाकीची ओव्हरफ्लो नळी वेगळी काढा, निचऱ्यात जोडू नका. हे खारट पाणी कुंड्यांना अजिबात घालू नका.

स्वयंपाकाच्या नळाची लाइन सॉफ्टनरच्या आधी काढा. 400 हार्डनेस घालवताना दर लिटरमध्ये सुमारे 184 मिलिग्रॅम सोडियम येतं. घरात रक्तदाबाचं कोणी असेल तर हे पाणी पिण्यात नको. आरओ असेल तर त्याला मात्र मऊ पाणी द्यायला हरकत नाही : तो बहुतेक सोडियम काढतो आणि मेम्ब्रेनवर थर बसत नाही.

प्रश्न : नौपाड्यातल्या जुन्या घरात जीआय पाइप आहेत. मधला तुकडा कापून प्लास्टिक पाइपने सॉफ्टनर जोडला तर चालेल?

उत्तर : पाण्यासाठी चालेल, पण कापण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या घरांत कधी कधी गीझरची अर्थिंगची तार याच लोखंडी पाइपला बांधलेली असते. मध्ये प्लास्टिक आलं की ती वाट तुटते, आणि गीझरच्या कॉइलमधून करंट उतरला तर न्हाणीघरातला नळच शॉक देतो. सगळ्या पॉइंटना स्वतंत्र अर्थिंग आहे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबल्यावर पडतो, हे पाहिल्याशिवाय पाइपला हात लावू देऊ नका. सॉफ्टनरच्या ॲडॅप्टरचा सॉकेट पावसाची झड येणार नाही अशा जागी घ्या.

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे. सॉफ्टनरआधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 380, नंतर 390. फसवणूक झाली का?

उत्तर : या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन सोडियम देतो, विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात. थेंब टाकून रंग बदलणारा हार्डनेस किट आणा आणि दोन्ही पाणी त्याने तपासा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येणाऱ्या घरांनीही खरेदीआधी हीच चाचणी करावी. धरणात साठवलेलं पावसाचं पाणी सहसा मऊच असतं. आकडा 100 च्या आत आला तर सॉफ्टनर घेऊच नका.