पप्पा लोकांच्या दुकानात रमणारा मुलगा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा अकरावीत. वर्गातली पोरं ओव्हरसाइज टी-शर्ट आणि कार्गोत, याला मात्र साताऱ्यातल्या पोवई नाक्याकडच्या सुती शर्टांच्या शोरूमशिवाय काही नको, जिथे बाकीची गिऱ्हाइकं चाळिशीपुढची. पुण्याचा आतेभाऊ ‘काका’ म्हणून चिडवतो, तरी ढिम्म. ‘समजावू का याला?’ असं विचारलंत. मी सांगलीच्या कापड पेठेत बरीच वर्षं तयार कपडे विकतोय. माझं मत सरळ आहे: समजावू नका.

या वयाची बहुतेक पोरं शर्ट अंगात घातला की आरशाच्या आधी बरोबरच्या मित्राचं तोंड बघतात. एखादाच येतो जो कापड चिमटीत धरतो, कॉलर उलटी करून शिवण बघतो, आणि आई ‘अरे हा घे की’ म्हणाली तरी शांतपणे नको म्हणतो. मला अशा मुलांचं मनापासून कौतुक वाटतं. सोळाव्या वर्षी स्वतःला काय बरं वाटतं हे कळणं सोपं नाही.

आणि त्याची निवड काही वेडीवाकडी नाही. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये क्लासच्या बाकावर बसणाऱ्याला हा फरक पाठीवर कळतो. स्वस्तातले ते मोठे टी-शर्ट बघा, दोन-चार धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते. विणलेल्या होजिअरीच्या धाग्यातला पीळ धुतल्यावर सुटायला बघतो, त्याने सगळं कापडच तिरकं होतं. साध्या मागावरच्या शर्टाला हा रोग नाही.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. घरात हप्त्यांच्या, फीच्या गोष्टी चालतात तेव्हा पोरं ऐकत असतात. काही मुलं खर्च नको म्हणून ‘मला हेच आवडतं’ म्हणतात, आणि इतकं नीट म्हणतात की आईलाही खरं वाटतं. काउंटरवर ते ओळखू येतं: असा मुलगा कापडाच्या आधी किमतीचं लेबल उलटून बघतो. म्हणून एकदा ठरावीक रक्कम हातात द्या, उरलेले परत मागणार नाही म्हणून सांगा, आणि एकट्याला पाठवा. तरी पिशवी त्याच शोरूमची आली तर विषय संपला. क्वचित अंग झाकायला म्हणूनही मुलं सैल शर्ट धरून ठेवतात. तसं वाटलं तर बोलणं शर्टावरून सुरू करू नका.

आतेभावाशी मात्र बोला, किंवा त्याच्या आईशी. वर्गातलं चिडवणं मुलं झटकतात, घरच्यांचं आत जातं. आणि तुम्ही स्वतः ‘म्हाताऱ्यांचं दुकान’ म्हणणं आजपासून बंद करा. प्रश्नात तीनदा लिहिलंय तुम्ही.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. ‘काका’ दिसण्यात दुकानाचा दोष कमी असतो, मापाचा जास्त. रेग्युलर फिट शर्ट पोटाशी सैल जागा ठेवून बेतलेला असतो. सडपातळ मुलाच्या अंगावर तो कमरेशी फुगतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते. तेच कापड, तीच चौकडी स्लिम फिटमध्ये मागा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे, एवढं एक बघा. खांदा दुरुस्त करणं कटकटीचं असतं, बाजू आत घेणं कुठलाही अल्टरवाला थोडक्या पैशांत करून देतो. उंची अजून वाढणार, तेव्हा पँटच्या तळाला माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. आणि शर्ट अल्टरला टाकण्याआधी घरी एकदा पाण्यातून काढा, सुती कापड पहिल्याच धुण्यात थोडं आटतं.