पाणी सोडून झालं की पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांना दिवसभर काम काय असतं?

व्हॉल्व्ह फिरवला की काम संपलं, मग ही माणसं दिवसभर करतात काय, असं तुम्ही विचारलंय. मी याच विभागात पाणी तपासतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

आधी व्हॉल्व्हबद्दल. तो झटक्यात बंद केला तर वाहतं पाणी आतल्या आत आदळतं आणि जुने सांधे निखळतात. म्हणून व्हॉल्व्हमन आटे मोजत तो सावकाश फिरवतो. किती आटे दिले की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे त्याला तोंडपाठ असतं. एखादा जुना व्हॉल्व्हमन निवृत्त झाला की आम्हाला ते फार जाणवतं.

मग क्लोरीन. एक लाख लिटरच्या टाकीत लिटरमागे १ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये तो साधारण ३३ टक्के असतो, म्हणजे पावडर ३०० ग्रॅमच्या आसपास. पण दमट, गरम जागी पडून तिचा जोर उतरला आणि टक्केवारी २० वर आली, तर तेवढ्याच पाण्याला ५०० ग्रॅम लागते. म्हणून पोतं कोरड्या जागी ठेवणं, तारीख बघणं, पावडर तपासून घेणं ही कामं मी कधीच टाळू देत नाही. पुढे किमान अर्धा तास पाणी टाकीत मुरायला हवं.

माझा बराचसा वेळ मात्र शेवटच्या नळांवर जातो. क्लोरीन वाटेत खर्च होत जातो, त्यामुळे टाकीजवळच्या नमुन्यावर समाधान मानता येत नाही. टोकाच्या घरी नमुना घ्यायचा, त्यात गोळी विरघळवायची आणि चढलेला गुलाबी रंग तक्त्याशी ताडायचा. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक हवा. रंगच आला नाही, तर एकेक नळ तपासत टाकीच्या दिशेनं मागे यायचं. ज्या दोन नळांच्या मध्ये रंग अचानक नाहीसा होतो, तिथे गळतीचा संशय घ्यायचा. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि अशाच भेगेतून गटाराचं पाणी आत शिरतं. नळाला थेट मोटर लावली की हे आत ओढलं जाणं आणखी वाढतं. त्याचा त्रास शेजारच्या तान्ह्या बाळालाही होतो, म्हणून मोटर काढा हे मी घरोघरी हात जोडून सांगतो.

गळती नेमकी कुठे, हे बहुतेक वेळा रात्री कळतं. वापर कमी, रस्ता शांत. पाइपावर दांडी टेकवून तिला कान लावला की पाण्याची सुरसुर ऐकू येते. या कामाला गेलेले सहकारी सकाळच्या पाळीलाही हजर असतात, याचं मला कौतुक वाटतं.

यात तुमची मदत खूप मोठी ठरते. ‘पाणी खराब येतं’ एवढंच कळलं तर शोधण्यात दिवस जातो. सुरुवातीचीच काही मिनिटं गढूळ येतं की पूर्ण वेळ, वास कशाचा, शेजारीही तसंच आहे का, हे तक्रारीत लिहा. सगळ्या गल्लीत तसंच असेल तर आम्ही मुख्य वाहिनी बघतो, एकाच घरात असेल तर त्या घराची जोडणी आणि गच्चीवरची टाकी.